सव्वा मीटरचा जिना

माणूस गेला की लोक त्याला गोड करून टाकतात. ट्रेसरनाना गेले त्या दिवसापासून मी ऐकते आहे, नाना किती प्रेमळ, नाना किती शांत, नाना म्हणजे बीडच्या कॅडवाल्यांचे, कॉम्प्युटरवर नकाशे काढणाऱ्यांचे, आजोबाच. खोटं आहे सगळं. नाना अत्यंत तापट होते. राग आला की ते आवाज चढवत नसत. चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि समोरच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघत. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं धड दिसत नसे हे आम्हाला माहीत होतं, तरी त्या नजरेपुढे भलेभले खुर्चीत चुळबुळ करायचे. ज्यांनी ती नजर सगळ्यात जास्त झेलली, तेच आज त्यांना प्रेमळ म्हणताहेत.

नाना बीडजवळच्या पालीचे. पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागले. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि रेघ न् रेघ शाईने गिरवायची. पुढे ते आरेखक होऊन निवृत्त झाले, पण नाव ट्रेसरच राहिलं आणि ते त्यांना आवडायचंही. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांच्या वयाच्या लोकांनी दुसरं टेबल मागून घेतलं. नाना मुलाच्या वयाच्या ऑपरेटरशेजारी स्टूल टाकून बसले आणि दोनशे पानी वहीत सगळ्या कमांड देवनागरीत लिहून काढल्या. टायपिंग मात्र अखेरपर्यंत एका बोटाचंच राहिलं.

कॉम्प्युटरविषयी त्यांची एकच तक्रार होती. "कापडावर रेघ चुकली की ब्लेडनं खरवडावी लागायची," ते सांगायचे. "कितीबी नीट खरवडा, कापड उजेडात धरलं की डाग दिसायचा. साहेब इचारायचा, हितं आदी काय हुतं? ह्या मशिनीत काय पुसलं, कुनी पुसलं, काहीच कळत न्हाई. आमच्यासारख्याला लबाडी करायची सोय झाली बगा." या तक्रारीतूनच दुसऱ्या शनिवारची बैठक सुरू झाली.

बैठक म्हणजे थाटाचं काही नव्हतं. जालना रोडवर प्लॉटरवर मोठे नकाशे छापून देणारं एक दुकान होतं, त्याच्या वरची खोली. भिंतीला पांढरी चादर, समोर एक म्हातारा प्रोजेक्टर, त्याच्या चित्रात कायम एक पिवळा पट्टा. गुंडाळ्यांचे रिकामे पुठ्ठे कोपऱ्यात रचलेले. महिन्यातून एकदा आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. बहुतेक माझ्यासारखे, आयटीआय करून कुठल्या तरी इंजिनिअरच्या ऑफिसात दिवसभर माऊस फिरवणारे. आम्हाला सगळे 'ऑपरेटर' म्हणायचे. नकाशावर खाली सही साहेबांची, नाव साहेबांचं, आणि रेघ आमची. दोन-तीन तरुण इंजिनिअरही यायचे, पण मागच्या रांगेत बसायचे. नाना आत येताना सगळ्यांना "जय भीम" म्हणायचे, तेव्हा त्यांच्यातल्या एक-दोघांना नेमका खोकला यायचा. नानांना ते दिसत नव्हतं असं नाही.

दर बैठकीला एकाची पाळी. त्याने आपलं एक काम पेनड्राइव्हवर आणायचं, ते चादरीवर उघडायचं, आणि मग बाकीच्यांनी त्यात चुका काढायच्या. नियम एकच होता आणि तो नानांनी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवला होता : ज्याचा नकाशा, त्याचं तोंड बंद. खुलासा करायचा नाही, सबब सांगायची नाही. "साइटवर तुजा नकाशा जातो, तू जातोस का त्याच्यासंगं खुलासा कराया?" असं ते विचारायचे. पहिल्या पहिल्यांदा हे इतकं अपमानास्पद वाटायचं की दोघं-तिघं बैठक सोडून गेले. जे टिकले त्यांचं काम सहा महिन्यांत ओळखू येईना इतकं सुधारलं.

नानांना चादरीवरचं पाहून भागत नसे. दिंद्रुडहून एक जण एसटीने यायचा, गोदामं आणि सभामंडपांचे नकाशे करायचा. त्याच्या एका सभामंडपाचं दार उघडलं की खांबाला आपटत होतं. नानांनी खडू घेतला, खोलीतल्या फरशीवर तो खांब आणि ते दार खऱ्या मापात आखलं आणि त्याला म्हणाले, "चल, तू नवरदेव हायस. ह्या दारातून आत ये." तो आडवा झाला, तिरका झाला, शेवटी पोट आत घेऊन कसाबसा शिरला. आम्ही हसून हसून लोळलो. नाना हसले नाहीत. "तुज्या नवरदेवाला फेटा बी आसंल," एवढंच म्हणाले. पुढच्या महिन्यात तो दिंद्रुडकर दार बदलून आला आणि येताना सगळ्यांसाठी भेळ घेऊन आला.

बैठकीच्या शेवटी एक शेवटची तपासणी असायची, आणि तिची सगळ्यांना धास्ती होती. नकाशात दोन रेघांमधलं अंतर मशीन स्वतः मोजून दाखवतं. पण त्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की तिथे मनाला येईल तो आकडा टाइप करता येतो. रेघ जागची हलत नाही, वरचा आकडा बदलतो. घाईच्या वेळी सगळे ऑपरेटर हे करतात. भिंत दोन मीटर नव्व्याण्णववर आली, तर पुन्हा कोण सरकवत बसणार, तीन लिहून मोकळे. नाना याला चोरी म्हणायचे. सगळं संपल्यावर ते म्हणत, "आता खरं बोलू द्या त्याला." मग लॅपटॉपवर बसलेल्याने एक कमांड मारायची, की साऱ्या नकाशातले हाताने टाइप केलेले आकडे पुसले जाऊन मशीनने मोजलेले खरे आकडे परत येत. चादरीवर आकडे भराभर बदलायचे आणि ज्याची पाळी असेल त्याचे कान लाल व्हायचे.

आता माझी पाळी. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बीडमध्येच एका मोठ्या इंजिनिअरच्या ऑफिसात होते. त्यांचं नाव लिहीत नाही; घाबरून नव्हे, त्यांचं नाव या लेखात यावं अशी माझी इच्छा नाही म्हणून. त्यांना साहेब म्हणते. अंबाजोगाईला कॉलेजांच्या मागे मुलींचं एक खासगी वसतिगृह व्हायचं होतं, चार मजली. प्लॉट अरुंद. मंजुरीसाठी जिना दीड मीटर रुंद हवा होता आणि खोल्या सगळ्या धरल्या तर जिन्याला उरत होतं सव्वा मीटर. मी तसं साहेबांना दाखवलं. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "दीड टाक ना तिथं. टेप घेऊन कोण येतंय?" मी दीड टाकला.

पुढच्या महिन्यात माझी पाळी आली आणि मी तोच नकाशा घेऊन बैठकीला गेले. लोक आता मला विचारतात, तू मुद्दाम नेलास का? तुला मनातून पकडलं जायचं होतं का? मला तसं म्हणायला आवडलं असतं. खरं इतकंच की मी विसरले होते. तो नकाशा मी इतका देखणा काढला होता की तो सगळ्यांनी बघावा असं मला वाटत होतं. ऐंशी मुलींच्या जिन्याचं माप खोटं लिहिलं, हे महिन्याभरात माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. आजही मला माझी सगळ्यात जास्त चीड येते ती या विसरण्याची.

चुका फारशा निघाल्या नाहीत. मी मनातून फुगले होते. मग नाना म्हणाले, "आता खरं बोलू द्या त्याला." कमांड मारली गेली आणि अख्ख्या नकाशात चार आकडे बदलले. चारही मजल्यांवर एकच. दीडचे सव्वा झाले.

नाना उठून चादरीजवळ गेले, बोट ठेवून आकडा वाचला. मला बोलायची मनाई होती आणि मी त्या मनाईचे मनातल्या मनात आभार मानले. "राहनार कोन हाय हितं?" त्यांनी विचारलं. शेजारच्याने नकाशावरचं नाव वाचून सांगितलं. नानांनी खडू घेतला आणि फरशीवर सव्वा मीटरचा पट्टा आखला. दोन जणांना जिना उतरल्यासारखं पलीकडून यायला लावलं, दोघांना अलीकडून चढायला. खांद्याला खांदा घासून ते गेले.

"जाता येतंय की, नाना," कोणी तरी म्हणालं.

"रोजच्याला येतंय. रोजचं कोन इचारतंय?" नाना म्हणाले. "धूर झाला, लाइट गेली, चार मजल्यांच्या पोरी एकदम खाली निगाल्या, आन् वरून एक पडली. मंग?" त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी ते ऑफिसात आले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. नानांनी नकाशाची प्रिंट टेबलावर पसरली आणि जिन्यावर बोट ठेवलं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हे काय केलंस गं? नाना, या पोरी अशा करतात बघा. ऑपरेटरच्या भरवशावर धंदा करायची सोय राहिली नाही." इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. नाना म्हणाले, "हिनं केलं हे खरंच हाय. म्या फकस्त इतकं इचारतो, सांगितलं कुनी?" आणि मग माझ्याकडे बघून, "सांग माय. आता तोंड उघडायला कुनाची मनाई न्हाई."

माझे वडील तेव्हा अंथरुणाला होते, घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. ही सबब आहे आणि सबब सांगायची नाही हे मला नानांनीच शिकवलं होतं. मी म्हणाले, "माझ्याच हातून चुकून झालं."

साहेबांनी हात पसरले, बघा म्हणून. नानांनी प्रिंटची गुंडाळी केली. "बरं," म्हणाले. चहा तसाच ठेवून निघून गेले. एका इंजिनिअरवर खोटा आळ घ्यायला आलेला रिटायर माणूस, अशी त्यांची अवस्था मी माझ्या एका वाक्याने केली.

नानांनी कोणावर आरोप केला नाही. मंजुरी देणाऱ्या ऑफिसला त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एक पानी अर्ज लिहिला. प्लॉटची रुंदी इतकी, भिंतींची जाडी इतकी, खोल्या आणि बोळ इतके, आणि जिना दीड मीटर. खाली फक्त एवढंच, की ही बेरीज प्लॉटमध्ये बसत नाही, तरी आपण करून पाहावी. तिथल्या कोणी तरी खरंच करून पाहिली. नकाशा शेरा मारून परत आला. साहेबांना दर मजल्यावरची एक खोली काढावी लागली आणि जिना दीड मीटरचा झाला. मी इतकं करून वाचवलेली नोकरी दोन महिन्यांत गेलीच. ऑफिसातल्या फायली बाहेर नेते, असा ठपका ठेवला.

मग बैठकीचा नंबर लागला. गावातल्या इंजिनिअरांनी आपापल्या ऑपरेटरना सांगितलं, दुसऱ्या शनिवारी तिकडे दिसलात तर सोमवारी इकडे येऊ नका. खाली दुकानात छपाईचं काम द्यायचं बंद केलं, तेव्हा दुकानदाराने हात जोडून खोलीची किल्ली परत मागितली. शेवटच्या बैठकीला आम्ही चौघं होतो. दिंद्रुडकर त्यातला एक. ज्या लोकांनी पाच वर्षं या माणसाकडून फुकट शिकून घेतलं, ज्यांच्या ऑफिसातली कामं त्याच्यामुळे सुधारली, त्यांतल्या एकानेही साहेबांना विचारलं नाही की जिना किती रुंद होता. मला हे आजही लिहिताना संताप येतो.

मी पालीला गेले. दुपारची वेळ होती. नानांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं. लहानखुऱ्या, कपाळावर गोंदण असलेल्या काकू एरवी नानांच्या बोलण्यात फक्त 'घरचे' म्हणून यायच्या. नाना बाजेवर बसून पेपर वाचत होते.

"माझं चुकलं, नाना."

"चुकलंच."

"मी तिथं बोलायला पाहिजे होतं."

"पायजे हुतं. मला लई राग आलता. अजून हाय."

"आवो, पोरगी उन्हातान्हात आली," काकू आतून म्हणाल्या.

"उन्हात आली म्हून राग जातो व्हय? त्यो राहू दे. तू च्या घे, माय." चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "नोकरी गेली न्हवं? मंग आता कावून भ्यायचं? कवातरी, कुठंतरी, चार लोकांत सांग. माज्यासाठी नको सांगू. तुलाच हलकं वाटंल." मी हो म्हणाले. त्यांनी परत कधी तो विषय काढला नाही आणि मी सात वर्षं कुठेच काही सांगितलं नाही.

दरम्यान गावात नवा ग्रुप निघाला. हॉटेलच्या हॉलमध्ये, एसी, जेवण, पाठीमागे फ्लेक्स, अध्यक्ष आमचे साहेब. त्या बैठकांत एकही फाईल उघडत नाहीत. सत्कार होतात आणि फोटो निघतात. पहिल्याच वर्षी उत्कृष्ट आराखड्याची ढाल त्या वसतिगृहाला मिळाली. निवेदकाने खास उल्लेख केला तो त्यातल्या ऐसपैस जिन्याचा. मी हे नानांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ते हसतील तरी. त्यांनी चष्मा काढला. "जिना झाला, त्याला ढाल द्या न्हाईतर नका देऊ. पन येवढे सगळे जमलते, तर एकानं तरी फाईल उघडून बगायची." त्यांना राग यायचा तो नेहमी असल्याच गोष्टीचा, आणि लोक त्याला चिडचिड म्हणायचे.

माझं आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे, दोन मुली हाताखाली आहेत. प्रत्येक नकाशा बाहेर जाण्याआधी आम्ही ती कमांड मारतो. नाना महिन्यातून एखाद्या दिवशी यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि माझ्या मुलींच्या चुका काढून त्यांना रडवायचे. मागच्या हिवाळ्यात येणं बंद झालं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा पलंगाच्या कठड्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो मोजून बग. दोनी बाजूंचा सारका न्हाई." तिसऱ्या दिवशी गेले.

शोकसभा नव्या ग्रुपने घेतली. त्याच हॉटेलात. स्टेजवर नानांचा मोठा फोटो, खाली 'आमचे ज्येष्ठ मार्गदर्शक'. ज्या ग्रुपने त्यांना एकदाही बोलावलं नाही त्याने. काकूंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी मागे, दाराजवळ. एकामागून एक जण उठत होता आणि नाना अधिकाधिक मऊ होत चालले होते. शेवटी साहेब उभे राहिले. फोटोला हात जोडून म्हणाले, "आमच्या अंबाजोगाईच्या वसतिगृहाचा जिना मी आणि नानांनी एका टेबलावर बसून, चहा पीत, दुरुस्त केला. असे चर्चेला तयार असणारे लोक आता राहिले नाहीत."

मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. मी म्हणाले, "साहेब, तो चहा नानांनी प्यायला नव्हता. जिना सव्वा मीटरचा होता. त्यावर दीडचा आकडा तुम्ही टाकायला सांगितला आणि मी टाकला. नानांनी तो पकडला. तुमच्या ऑफिसात त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, म्हणून ते खोटे ठरले. त्यांची बैठक तुम्ही बंद पाडलीत."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कोणी तरी माझ्या दंडाला धरून हळूच म्हणालं, "ताई, बसा, ही वेळ नाही." साहेब फोटोकडे बघत उभे होते. माझा धीर तेवढ्यातच संपला होता, मी खरोखर खाली बसायला लागले.

पहिल्या रांगेतून काकू उठल्या. सगळ्या हॉलकडे पाठ असलेली ती लहानखुरी बाई वळली आणि मला म्हणाली, "बसू नको, माय. उभी ऱ्हा. अजून एकदा सांग. पंख्याच्या आवाजात काहींना आयकू गेलं नसंल."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.